ऐंशीच्या खाली

चहाचा पेला उचलण्याआधी ते त्याला उलटा हात लावायचे आणि आकडा सांगायचे. "बासष्ट." मग जरा थांबून पुन्हा हात लावायचे. "चोपन. आता घेवक हरकत नाय." नवीन माणसाला हे पाहून आधी हसू यायचं आणि मग थोडी भीती वाटायची. मी नवीन होते तेव्हा एकदा विज्ञानाच्या कपाटातला थर्मामीटर आणून त्यांच्या पेल्यात बुडवला. त्यांनी बासष्ट सांगितले होते, पारा एकसष्टवर थांबला. मी जिंकल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "बाईनु, तुमी थंड काच बुडवलात. तिना एक डिग्री खाल्ल्यान."

जामसंड्याच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी संगणक शिकवायला लागले तेव्हा ते संगणकाच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते. कागदोपत्री ते माझ्या हाताखाली. प्रत्यक्षात ती चार वर्षं मीच त्यांच्या हाताखाली काढली, आणि हे सांगताना मला आजही बरं वाटतं. त्यांचं शिक्षण दहावी. संगणकाचा कुठलाही कोर्स केलेला नाही. त्याआधी बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं यंत्रं चालवली होती. होड्यांना लागणाऱ्या बर्फाच्या लाद्या तिथे तयार व्हायच्या. "बर्फ बनवतत असा लोकांका वाटता," ते म्हणायचे. "बर्फ कोण बनवीत नाय. पाण्यातलो ताप काढून भायर टाकतत. उरता तो बर्फ."

ताप म्हणजे त्यांच्या लेखी एक जिवंत वस्तू होती. तो मरत नाही, फक्त घर बदलतो, असं ते सांगायचे. कुणी वर्गात पंखा लावून दार बंद केलं की ते उठून दार उघडायचे. "तापाक भायर जावक वाट देवा. नायतर तो तुमच्याच डोक्यार बसतलो." प्राचार्यांच्या खोलीतही त्यांनी हे केलं होतं, प्राचार्य फोनवर बोलत असताना.

आमच्या प्रयोगशाळेत दहा संगणक होते आणि डोक्यावर पत्रे. खाडीकडच्या खिडकीतून खारा वारा यायचा. त्याने खुर्च्यांचे पाय गंजले होते, कुलपं गंजली होती. संगणक मात्र चालू होते, कारण दर शनिवारी ते एकेक यंत्र उघडून ब्रशने पुसायचे. प्रत्येक यंत्राच्या मागे भिंतीवर त्यांनी खडूने आकडे लिहिलेले असायचे. सकाळचे, दुपारचे, काम हलकं असतानाचे, जड असतानाचे. एकदा तपासणीसाठी आलेल्या साहेबांनी विचारलं, "भिंत कोणी खराब केली?" हे पुढे झाले आणि ऑफिसातल्या मराठीत म्हणाले, "साहेब, भिंत धुता येते. प्रोसेसर जळला तर धुऊन परत येत नाही." साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही. भिंत तशीच राहिली.

त्यांना नुसत्या पंख्याच्या आवाजावरून कळायचं की कुठल्या यंत्राला धाप लागली आहे. पाठमोरे बसलेले असताना म्हणायचे, "सात नंबर बघा. कोणीतरी दोन खेळ एकदम लावलेत." आणि सात नंबरवरची मुलं चोरी पकडल्यासारखी हात मागे घ्यायची.

मला त्यांच्याकडून जे सर्वांत महत्त्वाचं शिकायला मिळालं ते मात्र तन्वीमुळे.

तन्वी आमची बारावीची विद्यार्थिनी. आतल्या गावातली. घरी भात, काजू आणि थोडे आंबे. काजूच्या बागेत गवे शिरायचे. तिने त्यातल्या एका म्हाताऱ्या गव्यावर साडेतीन मिनिटांची ॲनिमेशनची फिल्म केली होती. कळपाने मागे टाकलेला गवा रोज येऊन एकाच झाडाखाली उभा राहतो आणि बागेचा मालक रोज काठी घेऊन जातो, पण मारत नाही, एवढीच गोष्ट. वर्षभर खपून तिने गव्याच्या अंगावरचा केस न केस उभा केला होता. ही फिल्म एका मोठ्या डिझाइन संस्थेकडे प्रवेशासाठी पाठवायची होती. वडिलांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "ह्या एका वर्साक काय तो प्रयत्न कर. नाय झाला तर मगे मी सांगान तां शिकाचा." शनिवारी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती.

फिल्म डोक्यात आणि संगणकात तयार होती, पण तिची एकेक चौकट संगणकाकडून रंगवून घ्यायची राहिली होती. सेकंदाला चोवीस चित्रं, म्हणजे पाच हजारांवर चित्रं. बाकी नऊ यंत्रांना तो गवा पेलतच नव्हता, फाइल उघडली की ती बंद पडायची. एकच संगणक जरा दमदार होता, तो एक नंबर. मी हिशोब केला. काम पाच दिवसांचं, सोमवार संपत आलेला. मंगळवारी सकाळी सुरू केलं तरी हाती चार दिवस आणि वर काही तास.

तन्वी खुर्चीवर बसून बॅगेची चेन उघडत आणि लावत राहिली. हे मागे उभे होते. म्हणाले, "बाईनु, एक नंबराचो वेग वाढवया."

संगणकाच्या प्रोसेसरला त्याच्या नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतं. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हौशी मुलं खेळांसाठी करतात. मला पुस्तकातून माहीत होतं, करायची हिंमत नव्हती. वेग वाढवला की प्रोसेसर तापतो, फार तापला की आपण होऊन मंदावतो किंवा बंद पडतो, आणि सतत तापलेला राहिला तर त्याचं आयुष्य संपतं.

"तुम्हाला येतं?" मी विचारलं.

"वेग कोणयय वाढवतलो. वाढललो ताप खंय धाडूचो, ता माका येता."

प्राचार्यांनी परवानगी दिली, पण यंत्र जळलं तर जबाबदारी कुणाची हे लेखी मागितलं. मी पेन शोधत होते तोवर त्यांनी सही करून कागद परतही दिला होता.

त्यांनी प्रोसेसरवरची, ताप पंख्याकडे पोचवणारी, सुकलेली जुनी पेस्ट खरवडून नवी लावली, तीही तांदळाच्या दाण्याएवढीच. मोठा पंखा बसवला, दुसऱ्या यंत्रातला एक पंखा काढून मागच्या बाजूला लावला. मग वेग एकदम न वाढवता पायरीपायरीने वर नेला. प्रत्येक पायरीला यंत्राला जड काम देऊन बघत बसायचे. विजेचा दाब वाढवताना तर श्वासही रोखून धरायचे. तीन पूर्णांक तीन गिगाहर्ट्झवरून चारपर्यंत पोचले तेव्हा तापमानाचा आकडा सत्त्याहत्तरवर स्थिर झाला. त्यांनी भिंतीवर खडूने एक आडवी रेघ मारली आणि लिहिलं, "८०." खाली दोनदा अधोरेखित.

"हेच्या वर माजा मशीन जावचा नाय," ते म्हणाले. "साठ म्हणजे चालणा. सत्तर म्हणजे धावणा. ऐंशी म्हणजे हद्द."

मंगळवारी सकाळी दहाला तन्वीने बटण दाबलं आणि पहिलं चित्र उमटू लागलं. गव्याचं शिंग आधी आलं.

पुढचे चार दिवस ते यंत्राजवळच राहिले. झोपायला सतरंजी, जेवायला घरून पेज. पेजेचा डबा घेऊन त्यांच्या पत्नी यायच्या. आम्ही त्यांना काकी म्हणायचो. काकी शाळेच्या दारातूनच विचारायच्या, "तुमच्या पेशंटाक बरा आसा मां?" आणि आत न येता डबा ठेवून निघून जायच्या. शाळेत शिरायला त्यांना संकोच वाटायचा.

बुधवारी क्रीडाशिक्षकांनी एक कल्पना काढली. मासळीवाल्याकडून बर्फ आणू आणि संगणकाच्या भोवती ठेवू. त्यांना वाटलं, बर्फवाल्या माणसाला हे आवडेल. हे खळखळून हसले. त्यांना असं हसताना मी तेवढ्या एकदाच पाहिलं. "सर, थंड पाईपाक घाम येता. तो घाम आत पडलो तर तन्वीचो गवो जाग्यार मरतलो." मग गंभीर होऊन म्हणाले, "थंड करूचा नसता. ताप वाढाचो तितकोच काढून टाकूचो असता."

त्या दिवशी दुपारी काम नीट चाललं होतं म्हणून मी त्यांना कारखान्याचं विचारलं. बंदरावरची काही माणसं त्यांना पाठीमागे 'भियालो' म्हणतात, म्हणजे घाबरला, एवढं मी ऐकलं होतं. का ते माहीत नव्हतं.

त्यांनी पडद्यावरून नजर न काढता सांगितलं. "मे म्हयनो होतो. सगळे होडये भरान इलेले. शेटान सांगल्यान, आज मशीन थांबवचा नाय. दाबाचो काटो चढत होतो. मी म्हटलंय, शेटानु, अर्धो तास दिया, थंड होवंदे. तो नको म्हणालो. मगे मी मेन स्विच खाली ओढलंय."

"मग?"

"मगे काय? बर्फ झालो नाय. मासळी कुसली. लोकांनी गाळी घातल्यानी आणि शेटान माका घराक धाडल्यान."

"आणि यंत्राला काय झालं होतं?"

"तिसऱ्या दिवशी मेकॅनिकान उघडल्यान. झडप तडकलेली. अजून तासभर चलला असता तर अमोनिया भायर. आत अकरा माणसा होती."

"तुम्ही हे कुणाला सांगितलं नाही?"

"कोणाक सांगतलंय? जे वाचले, तेंका आपण वाचलंव ह्याच ठावक नाय."

मागच्या बाकावर तन्वी बसली होती. तिनेही ऐकलं होतं.

गुरुवारी ऊन चढलं. ऑक्टोबर महिना, वारा पूर्ण पडलेला. पत्रे तापून कडकड आवाज करू लागले. दीडच्या सुमाराला आकडा एकोणऐंशी झाला. मग ऐंशी. मग एकदम पंच्याऐंशी. ते पुढे झाले आणि कुणालाही न विचारता त्यांनी वेग उतरवला. आकडा खाली आला, पण चित्रं उमटण्याची गतीही पडली. मी कागदावर मांडलं. या वेगाने काम मुदत उलटून गेल्यावर संपणार होतं.

तन्वी उठून त्यांच्यासमोर आली. "काकानु, कंपनीच्या कागदार शंभर लिवलेला आसा. पाचच डिग्री तर जास्ती होतत. चलांदेत मां."

"कागदार शंभर आसा ता खरा," ते म्हणाले. "पण शंभर ही मरूची जागा. थय रवाचा नसता."

"माजी फिल्म जातली!"

"माका ठावक आसा. तरी तुज्यासाठी मी ऐंशीची पंच्याऐंशी करूचंय नाय. आणि तीन दिवस पळवलला मशीन आता बंद पडला तर परत उठात ह्येची खात्री नाय. मगे तुका अर्धी फिल्मय गावाची नाय."

तन्वी तोंड फिरवून रडू लागली. मलाही त्यांचा राग आला होता, हे कबूल करते. वाटलं, एवढा हट्ट कशाला? पाच डिग्री. एका मुलीचं सगळं आयुष्य आणि पाच डिग्री.

ते मात्र उठून बाहेर गेले होते. दहा मिनिटांनी परत आले ते क्रीडासाहित्यातलं स्ट्रेचर घेऊन. खेळाच्या दिवशी कुणी पडलं तर न्यायचं, ते.

"नकाशांची खोली," ते म्हणाले. "चिऱ्याची भिंत, वर फणसाची सावली. मे म्हयन्यातय थय तिशीच्या वर पारो जात नाय, मी बघललंय."

नकाशांची खोली मैदानाच्या पलीकडे, जुन्या कौलारू भागात. "पण संगणक बंद न करता कसा न्यायचा?" मी विचारलं.

त्यांनी बॅटरीच्या पेटीकडे बोट दाखवलं. वीज गेली की तिच्यावर यंत्र वीस मिनिटं चालायचं. आतली डिस्कही त्यांनी मागेच बदलून न फिरणारी बसवली होती, त्यामुळे हलवण्याची भीती नव्हती. पडदा काढून ठेवला. स्ट्रेचरवर मऊ चादर घातली, तिच्यावर चालता संगणक, त्याच्या बाजूला बॅटरी. पुढून क्रीडाशिक्षक आणि शिपाई, मागून मी आणि तन्वी. भिंतीतून वायर काढली आणि आम्ही निघालो.

भर दुपारी दोनच्या उन्हात आम्ही मैदान ओलांडत होतो. वर्गांच्या खिडक्यांत मुलं गोळा झाली. आधी हसण्याचा मोठा आवाज झाला, मग तो आपोआप बसत गेला, कारण हे संगणकाच्या मागच्या जाळीजवळ तळहात धरून चालत होते आणि मोठ्याने आकडे सांगत होते. पडदा नव्हता, त्यामुळे तापमान दिसायची सोय नव्हती. होता तो त्यांचा हात. "त्रेचाळीस... त्रेचाळीस... चव्वेचाळीस. सावकाश, धाव नको." ती बाहेर पडणारी हवा होती. तिच्यावरून ते आतलं ओळखत होते.

ऊन थेट यंत्रावर पडत होतं. बारावीच्या चार मुली पळत आल्या आणि त्यांनी ओढण्या ताणून धरल्या. मैदानाच्या मध्यावर प्राचार्य उभे होते. मला वाटलं, आता थांबवतात. त्यांनी स्ट्रेचरकडे पाहिलं, तन्वीच्या रडून सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली छत्री उघडून संगणकावर धरली. मग तेही आमच्याबरोबर चालू लागले.

नकाशांच्या खोलीत शिरलो तेव्हा अंगावर गार सावली आली. वायर लावली, पडदा जोडला. गवा तिथेच होता, झाडाखाली अर्धा रंगलेला. त्यांनी पुन्हा वेग चारवर नेला आणि आम्ही सगळे त्या एका आकड्याकडे बघत उभे राहिलो. शहात्तर. चौऱ्याहत्तर. एकाहत्तर. तिथेच स्थिर झाला.

"बरा आसा," ते म्हणाले आणि जमिनीवर बसले. त्यांचा तळहात लाल झाला होता.

शेवटचं चित्र शनिवारी दुपारी उमटलं. फिल्म जोडून पाठवायला मोबाइलची रेंज मिळेना म्हणून तन्वी गच्चीवर जाऊन टाकीला टेकून उभी राहिली. साडेचारला तिथूनच तिची हाक ऐकू आली, "बाई, गेली!" हे खाली यंत्र थंड होईपर्यंत बसून होते. वेग परत तीन पूर्णांक तीनवर आणला, सोमवारी होता तसा, आणि मग घरी गेले.

तन्वीला प्रवेश मिळाला. ती पुढे काय काय करते आहे ते सांगत बसत नाही, ते तिचं ती सांगेल. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि खारेपाटणच्या बाजूला आपल्या मूळ गावी राहायला गेले. एक नंबरचा संगणक मात्र त्यानंतरही चालत राहिला. संगणक दुरुस्त करणारा एक माणूस त्याच्या आत बघून मला म्हणाला होता, "समुद्राजवळ एवढी वर्षं ठेवलेलं यंत्र इतकं स्वच्छ मी पाहिलेलं नाही." मी ते त्यांना फोन करून सांगितलं. पलीकडून नुसतं "हं" आलं. पण फोन त्यांनी लगेच ठेवला नाही.

माझ्या मनात या सगळ्यातली एक संध्याकाळ वेगळी राहिली आहे. ती फिल्म शाळेत पहिल्यांदा दाखवली ती. डिसेंबरात, सभागृहात, गावातली माणसं बोलावून. तन्वीचे वडील पहिल्या रांगेत ताठ बसले होते. हे नेहमीसारखे मागच्या भिंतीला टेकून उभे. काकी बायकांच्या रांगेत, नवं लुगडं नेसून, पदर दोन्ही हातांनी धरून. शाळेच्या आत त्या त्या दिवशी पहिल्यांदा आल्या होत्या.

साडेतीन मिनिटं कुणी हललं नाही. गवा झाडाखाली बसला आणि उठलाच नाही, तेव्हा बायकांमधून हुंदका आला. मग पडदा काळा झाला आणि नावं येऊ लागली. आईवडिलांची, माझं, शाळेचं. सर्वांत शेवटी एकटंच एक नाव आलं. वर बारीक अक्षरांत 'तापमान' आणि खाली त्यांचं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. तन्वीने आम्हाला कुणालाही आधी सांगितलं नव्हतं.

टाळ्या सुरू झाल्या. त्या गजरातच फिल्म संपली आणि दिवे लागले. तेवढ्यात काकी उठून उभ्या राहिल्या.

"परत लावा," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण मोठा होता. "शेवटचा तेवढा परत लावा. माका वाचूक वेळ लागता."

मी धावत जाऊन दिवे बंद केले. तन्वीने ती शेवटची चौकट पडद्यावर थांबवून ठेवली. काकी एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागल्या. आधी नवऱ्याचं नाव, मग सासऱ्यांचं, मग आडनाव. मध्ये एका जोडाक्षराला अडल्या, मागे गेल्या, पुन्हा सुरू केलं. सगळं सभागृह त्यांच्यासाठी थांबलं होतं. कुणी त्यांना ते अक्षर सांगितलं नाही.

वाचून झाल्यावर त्या खाली बसल्या, पदर नीट केला आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "ह्यो माजो घोव."